नळीत अडकलेली गोळी : ब्रँडन ली मृत्यूप्रकरणाचा अभ्यास

३१ मार्च १९९३. मध्यरात्र उलटून गेली होती. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या विल्मिंग्टन शहरात, कॅरोल्को स्टुडिओत, ‘द क्रो’ या चित्रपटाचं चित्रीकरण चालू होतं. प्रसंग असा : नायक वाणसामानाची पिशवी हातात घेऊन घरात शिरतो आणि आत घुसलेला गुंड त्याच्यावर गोळी झाडतो. गुंडाचं काम करणाऱ्या अभिनेत्याच्या हातात पॉइंट ४४ मॅग्नमचं खरं रिव्हॉल्व्हर होतं. त्यात ब्लँक भरले होते, म्हणजे नुसता आवाज आणि जाळ काढणारी, गोळी नसलेली काडतुसं. साधारण चार मीटरवरून त्याने चाप ओढला आणि नायकाचं काम करणारा २८ वर्षांचा ब्रँडन ली खाली पडला.

पडायचं ठरलेलंच होतं. गोळी लागल्यासारखं दिसावं म्हणून पिशवीत छोटी स्फोटक पुडी लावलेली होती. त्यामुळे तो खरोखर जखमी झालाय हे आसपासच्या लोकांच्या लगेच ध्यानात आलं नाही. प्रसंग संपल्यावरही तो उठेना, तेव्हा धावाधाव झाली. गोळी पोटात शिरून पाठीच्या कण्यापाशी जाऊन बसली होती. न्यू हॅनोव्हर रुग्णालयात कित्येक तास शस्त्रक्रिया चालली. दुपारी एकच्या सुमारास तो गेला. १७ एप्रिलला त्याचं लग्न ठरलेलं होतं.

ब्रँडन हा ब्रूस लीचा मुलगा. वडील १९७३ साली हाँगकाँगमध्ये अचानक वारले, तेव्हा हा आठ वर्षांचा होता. बाप तरुणपणी गेला, मुलगाही तसाच गेला, म्हणून जगभर चर्चा रंगली ती ली घराण्याला लागलेल्या शापाची. मला या शापाच्या गोष्टींचा मनापासून राग आहे. शाप म्हटला की पुढची चौकशी कोणी करत नाही, आणि इथे तर चौकशीतून जे बाहेर आलं ते प्रत्येक बंदूकधारकाने, प्रत्येक नेमबाजाने, घरात आजोबांच्या वेळची बंदूक असलेल्या प्रत्येकाने समजून घ्यावं असं आहे. त्या रात्री रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या सिलिंडरमधल्या, काडतुसं बसतात त्या सहाही घरांत एकसुद्धा जिवंत काडतूस नव्हतं. मग गोळी आली कुठून?

त्यासाठी काडतूस आतून कसं असतं ते पाहू. पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेली टोपी (हल्ली सगळे प्रायमरच म्हणतात), आत दारू आणि तोंडाशी गच्च बसवलेली गोळी. चाप ओढला की घोडा प्रायमरवर आपटतो. प्रायमरमधलं संवेदनशील रसायन ठिणगी देतं, तिने दारू पेटते आणि दारूच्या वायूने गोळी नळीतून सुटते. आपल्या डोक्यात बसलेलं असतं की जोर काय तो दारूचा, प्रायमर म्हणजे नुसती काडेपेटी. इथेच चूक होते. प्रायमर हा स्वतःच एक छोटा स्फोट असतो. पुंगळीत दारूचा कणही नसला तरी तो एकटा गोळीला तोंडातून उपटून नळीत ढकलू शकतो. बाहेर फेकण्याइतका जोर मात्र त्याच्यात नसतो. नळीच्या आत पीळदार खाचा असतात. गोळीने त्या घट्ट धरून फिरत जावं यासाठी गोळी नळीपेक्षा किंचित जाड असते. म्हणून अशी अर्धवट ढकललेली गोळी खाचांत रुतून तिथेच थांबते.

आता तपासातून पुढे आलेली साखळी. गोळीबाराच्या काही दिवस आधी त्याच रिव्हॉल्व्हरचं जवळून चित्रण करायचं होतं. रिव्हॉल्व्हर समोरून दाखवलं की सिलिंडरच्या घरांमधली गोळ्यांची टोकं कॅमेऱ्यात दिसतात, म्हणून तिथे ब्लँक भरून भागत नाही. हवी असतात डमी काडतुसं : दिसायला हुबेहूब खरी, आतून पूर्ण निकामी. ती तयार मिळतात. पण या चमूकडे ती नव्हती, आणि आणण्याऐवजी त्यांनी हातानेच बनवली. जिवंत काडतुसांच्या गोळ्या उपटल्या, दारू ओतून टाकली, गोळ्या पुन्हा तोंडाशी दाबून बसवल्या. प्रायमर काढायचा राहिला.

झालेल्या वस्तूला सेटवर सगळे डमी म्हणत होते, पण डमी ती नव्हतीच. दारू काढलेलं पण प्रायमर जिवंत असलेलं काडतूस हे माझ्या मते अख्ख्या जिवंत काडतुसापेक्षा जास्त घातक. जिवंत काडतुसाला माणूस निदान भितो. ते मोजून ठेवतो, कुलपात ठेवतो, बंदुकीत असेल तर बंदूक माणसाकडे वळवत नाही. अर्धवट निकामी केलेल्याची भीती सगळ्यांच्या मनातून गेलेली असते, धोका मात्र जागेवरच असतो.

पुढे केव्हातरी, अशी एक ‘डमी’ सिलिंडरच्या घरात असताना, चाप ओढला गेला. प्रायमर फुटला आणि गोळी पुंगळीतून सुटून नळीत जाऊन बसली. बार फुसका गेला, धडाका झाला नाही. तो हलका आवाज कोणी ऐकला असेल तर त्याचा अर्थ त्याला लागला नाही.

या टप्प्यावर रिव्हॉल्व्हरच्या रचनेतली एक गोष्ट मला विलक्षण वाटते. सिलिंडर आणि नळी यांच्यामध्ये केसभर फट असते. गोळी अर्धी सिलिंडरमध्ये आणि अर्धी नळीत अशी अडकली असती, तर सिलिंडर फिरलाच नसता. घोडा चढला नसता, चाप दबला नसता, बंदूक जाम झाली असती आणि कोणीतरी ती उघडून पाहिलीच असती. पण गोळी फट ओलांडून पूर्ण नळीत गेली. सिलिंडर लोण्यासारखा फिरत राहिला. बंदूक सर्व बाजूंनी ठणठणीत वाटत होती. थोडक्या अंतराने ती बिघडली असती तर एक जीव वाचला असता.

डमी काढून घेतल्यावर आणखी एक खूण सर्वांच्या हातात होती. भरताना प्रत्येक पुंगळीच्या तोंडाशी गोळी होती. काढताना एकीच्या तोंडाशी ती असणारच नव्हती. काढलेली काडतुसं तळहातावर ओतायची, गोळ्या मोजायच्या, एक कमी भरली की ती गेली कुठे हे विचारायचं. यासाठी शस्त्रांचं ज्ञान लागत नाही, मोजता आलं तरी पुरे. या प्रकरणात मी सर्वात जास्त वेळ याच जागी अडकतो. बाकीच्या चुका समजू शकतात. प्रायमरचा जोर ठाऊक नसणं हे अज्ञान आहे. पण हातातली वस्तू परत घेताना ती पूर्ण आली की नाही हे न पाहणं ही कामाची सवय आहे, आणि ती त्या सेटवर कोणी लावलेली नव्हती.

मग ती रात्र आली. त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये आता ब्लँक भरले. ब्लँकमध्ये दारू कमी असते असा समज आहे, तोही सोडून द्यावा. पुढे अडवायला गोळी नसते, म्हणून झटकन जळणारी दारू वापरावी लागते, तेव्हाच मोठा आवाज आणि पडद्यावर दिसेल असा जाळ मिळतो. पूर्ण, अर्धा आणि पाव अशा मापांत ब्लँक येतात, आणि पूर्ण मापाचा ब्लँक जवळून एकटासुद्धा जीव घेऊ शकतो. १९८४ साली जॉन-एरिक हेक्सम या तरुण अमेरिकी अभिनेत्याने एका मालिकेच्या सेटवर गंमत म्हणून ब्लँक भरलेलं रिव्हॉल्व्हर स्वतःच्या कानशिलाला लावून चाप ओढला. गोळी नव्हती. आतला बोळा आणि वायू यांच्या माऱ्याने कवटी फुटली आणि काही दिवसांनी तो गेला. विल्मिंग्टनला तर ब्लँकच्या पुढे नळीत खरी गोळी वाट अडवून बसलेली होती. गोळी आली डमीतून, प्रायमर आणि दारू आली ब्लँकमधून. वेगवेगळ्या दिवशी भरलेल्या दोन ‘निरुपद्रवी’ काडतुसांचं मिळून एक जिवंत काडतूस तयार झालं.

ज्या अभिनेत्याने चाप ओढला त्याचा यात काडीचा दोष नव्हता. त्याला बंदूक सुरक्षित म्हणून हातात दिली गेली होती. ही घटना त्याला आयुष्यभर पुरली, आणि तो चित्रपट त्याने कधी पाहिला नाही.

सेटवर शस्त्रांचा जाणकार नेमलेला होता, पण त्या रात्री तो हजर नव्हता. बंदुका नेपथ्याच्या सामानाबरोबर सांभाळल्या जात होत्या. चित्रीकरण आधीच रखडत चाललेलं, रात्रपाळ्यांवर रात्रपाळ्या, माणसं थकलेली. पहिल्याच दिवशी एका सुताराला विजेच्या तारांचा झटका बसून तो गंभीर भाजला होता. अशा वातावरणात सगळ्यात आधी काटले जातात ते तपासणीचे दोन मिनिटं. हे मी कारखान्यांच्या, बांधकामांच्या, प्रयोगशाळांच्या अपघातांबद्दलही वाचलं आहे आणि दर वेळी तेवढाच चिडलो आहे.

जिल्हा सरकारी वकील जेरी स्पायव्ही यांनी एप्रिल १९९३च्या अखेरीस फौजदारी खटला न भरण्याचा निर्णय जाहीर केला. निष्काळजीपणा झाला हे त्यांना मान्य होतं, पण गुन्हा ठरण्यासाठी लागणारी जाणूनबुजून केलेली बेपर्वाई पुराव्यात दिसत नव्हती. कामगार सुरक्षेची जबाबदारी असलेल्या राज्याच्या विभागाने निर्मिती कंपनीला ८४,००० डॉलर दंड केला, तो पुढे ५५,०००वर आला. ब्रँडनच्या आईने दिवाणी दावा लावला, तो न्यायालयाबाहेर मिटला. त्या प्रसंगाची फिल्म नष्ट करण्यात आली. उरलेला चित्रपट बदली कलाकार आणि संगणकीय चित्रांच्या साहाय्याने पूर्ण होऊन मे १९९४मध्ये झळकला.

कायद्याच्या चौकटीत स्पायव्हींचा निर्णय मला समजतो. तिथे कोणाचाही हेतू वाईट नव्हता. पण दंडाची रक्कम खाली आली ते मला पटलेलं नाही. तयार डमी न आणता वाचवलेला वेळ आणि पैसा हा निर्मितीचा फायदा होता. त्याची किंमत निर्मितीनेच पुरती मोजायला हवी होती.

यानंतर हॉलिवूडच्या सुरक्षा नियमांवर सगळ्यांचं लक्ष गेलं. सेटवर जिवंत काडतूस कुठल्याही कारणाने आणायचं नाही. डमीच्या पुंगळीला बाजूने भोक पाडलेलं असावं किंवा आत लोखंडी छर्रा असावा, म्हणजे कानाशी हलवलं की खुळखुळ ऐकू येते. प्रायमरची जागा रिकामी असावी किंवा तो वापरून फुटलेला असावा. वापरण्याआधी नळीत उजेड टाकून किंवा काठी घालून पाहावं. ब्लँक झाडतानाही नेम माणसावर न धरता बाजूला धरावा, पडद्यावर रोखल्यासारखं दाखवायचं काम कॅमेऱ्याचा कोन करतो. यातला शेवटचा नियम त्या रात्री पाळला असता, तर अडकलेली गोळी भिंतीत गेली असती.

नियम लिहिलेले असूनही २१ ऑक्टोबर २०२१ रोजी न्यू मेक्सिकोत, सांता फेजवळच्या बोनांझा क्रीक रँचवर, ‘रस्ट’ या चित्रपटाच्या सेटवर छायाचित्रणकार हॅलिना हचिन्स मारल्या गेल्या. तिथे गोष्ट आणखी सरळ होती : डमींच्या जोडीला खरी जिवंत काडतुसं मिसळलेली होती. प्रत्येक काडतूस हलवून ऐकलं असतं तर जे खुळखुळलं नाही ते बाजूला पडलं असतं. शस्त्रांची जबाबदारी असलेल्या हॅना गुटिएरेझ-रीड यांना मार्च २०२४मध्ये दोषी ठरवलं गेलं आणि एप्रिलमध्ये १८ महिन्यांची शिक्षा झाली. १९९३ला जे कोणावरच शाबीत होऊ शकलं नाही, ते ३१ वर्षांनी एका व्यक्तीवर शाबीत झालं.

चित्रपटाचा सेट बाजूला ठेवला तरी फुसका बार सगळीकडे सारखाच वागतो. नेमबाजीच्या रेंजवर काडतुसात दारू पडलीच नसेल, ओलाव्याने किंवा तेलाने ती खराब झाली असेल, तर धडाक्याऐवजी ‘फट्’ असा बारका आवाज येतो, धक्का जाणवत नाही, पिस्तूल स्वयंचलित असेल तर वरची स्लाइड मागे येत नाही. कानांवर संरक्षक मफ असतात, शेजारच्या लेनमध्ये धडाधड बार चाललेले असतात, आणि नेमबाजाला वाटतं काडतूस नीट चढलं नाही. सराव झालेला हात अर्ध्या सेकंदात स्लाइड ओढतो, पुंगळी उडवतो आणि पुढचं काडतूस चढवतो. हा वेगच घात करतो. नळीत गोळी अडकलेली असताना मागून दुसरी पूर्ण ताकदीची गोळी सुटली की दाबाला जायला जागा राहत नाही. नळी फुगते किंवा फाटते, आणि फाटते ती हातात, चेहऱ्यासमोर. म्हणून आवाज किंवा धक्का वेगळा वाटला की बोट चापावरून काढायचं, नळी निशाण्याकडेच ठेवायची आणि निदान तीस सेकंद काही करायचं नाही, कारण कधीकधी प्रायमर उशिरा पेटतो. त्यानंतर काडतूस काढून, बंदूक पूर्ण रिकामी करून नळीत आरपार उजेड दिसतो का ते बघायचं. दिसत नसेल तर ती बंदूक त्या दिवसापुरती संपली. स्पर्धेतला वेळ जातोय म्हणून घाई करणाऱ्यांना पाहिलं की जीव टांगणीला लागतो.

कोकणात, सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या गावांत, पीक संरक्षणाच्या परवान्यावर ठासणीच्या आणि बारा बोअरच्या बंदुका अजून आहेत. वानर आणि रानडुकरं बागायतीचा फडशा पाडतात, बंदूक ही तिथली गरज आहे. पण चार महिने भिंती पाझरणाऱ्या त्या हवेत काडतुसं ट्रंकेत वर्षानुवर्षं पडून असतात. जुन्या काडतुसांची कागदी नळकांडी ओल धरून फुगतात, पितळी बूड हिरवं पडतं, प्रायमरवर गंज चढतो. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निघालेलं ‘शक्तिमान’ काडतूस असो की परदेशी, दमट ट्रंकेत दोघांचीही गत तीच. ठासणीच्या, म्हणजे तोंडाकडून दारू-गोळी भरायच्या बंदुकीत धोका वेगळ्या वाटेने येतो. केप (घोड्याखाली बसवायची, ठिणगी देणारी टोपी) फुटली पण दारूने पेट घेतला नाही, आणि दारू पडलीच नव्हती असं समजून वरून दुसऱ्यांदा भरली, तर नळीत दुप्पट ऐवज बसतो. गज नळीत घालून तो कुठवर जातो ते पाहिलं, भरलेल्या आणि रिकाम्या नळीसाठी गजावर खुणा केलेल्या असल्या, तर ही चूक होत नाही. जुनी माणसं अशा खुणा करत.

बारा बोअरवाल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. बोअरचा आकडा जितका मोठा तितकी नळी अरुंद, म्हणून वीस बोअरचं काडतूस बारा बोअरच्या नळीत टाकलं तर ते घरात न थांबता पुढे सरकून अडकतं. नळी मागून पाहिली तर रिकामी वाटते, बारा बोअरचं काडतूस तिच्यात व्यवस्थित बसतं, आणि तो बार झाला की नळी फाटते. रिव्हॉल्व्हरच्या नळीत अडकलेल्या गोळीचाच हा भाऊ. याच कारणासाठी वीस बोअरची काडतुसं पिवळ्या रंगाची बनवतात. एकाच पिशवीत, एकाच खिशात दोन मापांची काडतुसं कधीही ठेवू नयेत.

फुगलेली, हिरवी पडलेली, कोणत्या सालची आहेत ते न समजणारी काडतुसं उन्हात वाळवून वापरायची नाहीत, फोडून त्यातली दारू काढायची नाही, विहिरीत किंवा चुलीत टाकायची नाहीत. त्यांना हात लावण्याआधी परवाना घेऊन पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जावं, ती कशी आणि कोणाकडे जमा करायची ते विचारावं, आणि जमा केल्याची नोंद करून घ्यावी.